श्वासापुरता स्वल्पविराम

गिरणीवाल्यांनी माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली तेव्हा मला वाटलं, रजेचा अर्ज असेल. मुलुंडच्या एका कारखान्यात मी मराठी टायपिस्ट होते. विजेचे मीटर बनवायचा कारखाना. कामगारांना लावायच्या नोटिसा, ताकीदपत्रं, सुट्ट्यांच्या याद्या, सगळं माझ्या मशीनमधून जायचं. रजेचे अर्ज टाइमकीपरकडे द्यायचे असतात हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात चिठ्ठीवर नजर गेली. 'मला नाटकात काम करायचं आहे.' एवढंच लिहिलं होतं. शेवटी पूर्णविराम, पेन टेकवून गोल काढलेला.

मी वर पाहिलं. ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत उभे होते. चाळिशीचे, उंच, खाकी गणवेशाची वरची गुंडी लावलेली. गिरण्यांच्या संपाला दोनेक वर्षं झाली होती आणि त्यांची गिरणी उघडायची आशा त्यांनी सोडली होती. परळहून कांजूरमार्गला बिऱ्हाड हलवून ते आमच्याकडे टेंपररी म्हणून लागले होते. सगळे त्यांना गिरणीवालेच म्हणत.

ते बोलताना अडखळत. जरासं नव्हे, फार. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, कारण आमच्या असेंब्लीच्या हॉलमध्ये पंख्यांशिवाय कसलाच आवाज नसायचा. तिथे कुणी साधं 'पाना दे' म्हणालं तरी पंचवीस टेबलांना ऐकू जाई. त्यांनी मला नंतर सांगितलं, गिरणीत चौदा वर्षं त्यांचं काही अडलं नव्हतं. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे. माणसं ओठ वाचत, हातवारे करत. त्या आवाजात ते इतरांसारखेच होते. गिरणी बंद झाली आणि पहिल्यांदाच त्यांना दिवसभर शांततेत काम करावं लागलं.

ते कसे अडखळत, हे मी इथे अक्षरं फोडून लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं. ते पुढे सांगतेच.

दर वर्षी पूर्व उपनगरातल्या कारखान्यांची छोट्या नाटकांची स्पर्धा व्हायची. आमचा नेहमीचा लेखक बदली होऊन गेला, तेव्हा वेल्फेअर ऑफिसर मला म्हणाले, "तू एवढं टाईप करतेस, मग एखादं प्रहसन लिही की." मी लिहिलं. वीस मिनिटांचं. चाळीत एकाच घरी टीव्ही आहे, रविवारी संध्याकाळी सगळी चाळ सिनेमा बघायला त्या घरात येऊन बसते, आणि शेवटी घरमालकाला स्वतःच्याच खोलीत जागा उरत नाही, असा विषय. घाटकोपरला आमच्या चाळीत हे दर रविवारी घडत होतं, त्यामुळे मला फार काही शोधावं लागलं नाही. गिरणीवाल्यांना हवं होतं ते काम या घरमालकाचं. सर्वांत मोठं, सर्वांत जास्त बोलणारं.

मी म्हटलं, "काका, छोटं काम घ्या ना. शेजाऱ्याचं आहे एक."

त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ घेऊन म्हणाले, "भजनात माझं अडत नाही. बघ एकदा वाचून घेऊन."

साडेचारला शिफ्ट सुटल्यावर कँटीनच्या कोपऱ्यात आम्ही बसलो. पहिल्या पानावरच ते थांबले. 'प', 'ब', 'क' आले की ओठ किंवा घसा घट्ट मिटायचा, आणि मानेवरची शीर दिसायला लागायची. मी पुढचा शब्द सांगितला. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

"शब्द ठावक आसता, बाय," ते म्हणाले. मालवणीत ते थोडे मोकळे होत. "भायर येणा नाय."

मी विचारलं, भजनात कसं जमतं. त्यांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला. ठेका पडतो तिथे श्वास घ्यायचा आणि त्या श्वासावर पुढचा शब्द सोडून द्यायचा. शब्दाला ढकलायचं नाही. मी माझं पान त्यांच्यासमोर सरकवलं आणि म्हटलं, यात तुम्हाला श्वास कुठे लागेल तिथे खूण करा.

माझं वाक्य असं होतं: 'या, बसा, खुर्चीवर बसा, मी काय कुठेही बसेन, घर माझंच आहे.' त्यांनी पेन्सिलीने खुणा केल्या, मी त्या नीट करून पुन्हा टाईप केल्या, तेव्हा ते असं झालं: 'या. बसा. खुर्चीवर, बसा. मी काय. कुठेही, बसेन. घर. माझंच आहे.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वाचलं. अडखळले नाहीत. आणखी एक झालं, ते मी धरलं नव्हतं. 'घर' म्हणून ते पूर्णविरामाला थांबले, खोलीभर नजर फिरवली, जणू खात्री नसावी, आणि मग म्हणाले, 'माझंच आहे.' फडकं घेऊन टेबलं पुसणाऱ्या कँटीनच्या बाई हसल्या. मी लिहिताना हशा वाक्याच्या शेवटी येईल असं धरून चालले होते. तो मधल्या टिंबावर आला.

मग आम्ही सगळी बावीस पानं तशी केली. स्वल्पविराम म्हणजे अर्धा श्वास. पूर्णविराम म्हणजे थांबायचं, समोरच्याकडे बघायचं, मग पुढे. आडवी रेघ म्हणजे वाक्य तिथेच सोडायचं, समोरचा पुढे उचलेल. अवघड शब्दाच्या आधी 'आपला', 'म्हणजे', 'आता' असा एखादा सोपा शब्द पायरीसारखा ठेवायचा. तीन आठवडे रोज एक तास. मी घरी जाऊन विचार करायचे की या माणसाला मी भलत्याच आशेला लावतेय का. स्पर्धेत अडकले तर सबंध कारखान्यासमोर अडकणार होते, आणि लेखिका म्हणून मी विंगेत सुखरूप असणार होते.

माझे वडील घाटकोपरच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. शर्टाच्या खिशात लाल पेन्सिल असायचीच. एका रविवारी मी पानं टेबलावर ठेवून चहा करायला गेले आणि परत आले तर त्यांनी दोन पानं लाल करून टाकली होती.

"कर्ता आणि क्रियापदाच्या मध्ये पूर्णविराम?" त्यांनी विचारलं. "हे तू लिहिलंस?"

"हो."

"तुला शाळेत असं शिकवलं नव्हतं. मी तर नाहीच."

मी म्हटलं, हे नटासाठी आहे. ते म्हणाले, विरामचिन्ह वाचणाऱ्यासाठी असतं, बोलणाऱ्यासाठी तोंड असतं. मी त्यांना गिरणीवाल्यांबद्दल सांगितलं नाही. का ते आज नीट सांगता येत नाही. बहुधा ते म्हणाले असते, मग दुसरा माणूस घ्या. आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

ते वाक्य मला दिग्दर्शकाकडून ऐकावं लागलं. स्पर्धेसाठी कारखाना बाहेरून दिग्दर्शक बोलवायचा. हे गृहस्थ विलेपार्ल्याचे, बँकेत नोकरी करणारे, अशा स्पर्धांत बक्षिसं मिळवलेले. पहिल्या तालमीला त्यांनी पानं चाळली आणि सगळ्यांना पेन्सिली काढायला लावल्या.

"यातले सगळे कॉमे, टिंबं खोडा," ते म्हणाले. "पॉज कुठे घ्यायचा ते मी सांगणार. कागदावरचे पॉज पाठ केले ना, की नट मशीनसारखा बोलतो."

नऊ जणांनी खोडलं. गिरणीवाल्यांनीही. मी समोर बसून त्यांची पेन्सिल चालताना बघत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नोकरीला लागून मला दीडच वर्ष झालं होतं, आणि त्या खोलीत मी एकटीच बाई होते.

पहिल्या प्रवेशाच्या चौथ्या वाक्यावर ते अडकले. दिग्दर्शकांनी हातातली पानं खाली केली. कुणी हसलं नाही. स्टोअर्समधले सुपरवायझर, जे शेजाऱ्याचं काम करत होते, त्यांनी अडलेला शब्द पुरवला. मग पुढच्याही वाक्याला पुरवला. गिरणीवाल्यांचा चेहरा काळवंडत गेला आणि त्यांनी पानं मिटली.

दिग्दर्शक मला कँटीनच्या दाराशी घेऊन गेले. "हे काय आहे, यार? याला कुणी घेतलं?"

"मी."

"बदल. मला परीक्षकांसमोर ही रिस्क नको."

मी पर्समधून माझी प्रत काढली. खुणांसकट, न खोडलेली. "सर, हे असं म्हणू द्या त्यांना. एकदा. मग तुम्ही सांगाल ते."

त्यांनी दोन पानं वाचली. ओठ हलवत, खुणा पाळत. 'घर'च्या टिंबापाशी ते थांबले, तेव्हा मला कळलं की ते अनुभवी माणूस आहेत. मग आत गेले आणि गिरणीवाल्यांच्या हातात माझी प्रत देऊन म्हणाले, "यातून वाचा. बाकीच्यांनी खोडलेलंच ठेवा." प्रवेश पुन्हा सुरू झाला आणि या वेळी सरळ पार पडला. मला ते एवढंच म्हणाले, "प्रॉम्प्टिंगला तूच बस. दुसऱ्या कुणाला हे जमणार नाही."

स्पर्धा मुलुंडच्याच एका शाळेच्या सभागृहात होती. आमचं नाटक तिसरं. मी उजव्या विंगेत स्टुलावर बसले होते. पानं मांडीवर, बोट ओळीखाली. प्रेक्षकांत आमचे दोनेकशे कामगार, त्यांची बायकामुलं, बाकी दुसऱ्या कारखान्यांची माणसं. पहिले दोन प्रवेश असे गेले की मी श्वास घ्यायलाच विसरले. 'घर' म्हणून त्यांनी नजर फिरवली आणि हशा छताला लागला. मी बोट पुढे सरकवत राहिले.

तिसऱ्या प्रवेशात शेजारी विचारतो, तुम्ही उभे का? घरमालकाचं उत्तर: 'मी? आपला, पाय मोकळे करतोय.' 'पाय' हा आमचा सर्वांत अवघड शब्द. त्याच्या आधी 'मी' होता, प्रश्नचिन्हावरचा थांबा होता, 'आपला'ची पायरी होती. तीन आठवडे हे रोज बिनचूक झालं होतं.

ते म्हणाले, "मी?" आणि थांबले. थांबायचंच होतं. पण सुपरवायझरना वाटलं, हे विसरले. प्रेमळ माणूस. त्यांनी ती जागा भरून काढली: "हो, तुम्हीच आपले. असे उभे का?"

पायरी गेली. 'आपला' शेजाऱ्यानेच वापरून टाकला होता. आता समोर फक्त 'पाय' होता, आणि ते त्यावर जाऊन आदळले. ओठ मिटले ते मिटलेच. मानेवरची शीर मला विंगेतून दिसत होती.

सभागृह आधी शांत होतं. मग मागच्या बाजूला कुणीतरी हसलं. मग चारजण. मग मधल्या रांगा. लोकांना वाटत होतं हे नाटकातलंच आहे. हशा वाढत चालला आणि ते त्याच्या मधोमध ओठ मिटून उभे होते. माझ्या तोंडून सवयीने "पाय" गेलं. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी विसरलेले नाही. शब्द त्यांना ठाऊकच होता.

मग मी म्हटलं, "पूर्णविराम."

ते मी ठरवून म्हटलं नव्हतं. पण त्यांना कळलं. त्यांनी ओठ सोडले. शब्द टाकून दिला. समोरच्या शेजाऱ्याकडे पाहिलं, मग खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं, एक पाय उचलला, दोनदा झटकला आणि जपून होता तिथे परत ठेवला. सभागृह असं काही हसलं की सुपरवायझरना पुढचं वाक्य घ्यायला थांबावं लागलं. मी पानावर ओळ शोधत होते. पुढचं सगळं नीट पार पडलं.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं, आणि गिरणीवाल्यांना विनोदी अभिनयाचं पदक. परीक्षकांपैकी एकजण माइकवर म्हणाले, "विशेषतः त्यांनी अडखळण्याचा जो अभिनय केला, तो अत्यंत नैसर्गिक होता." आमच्या कामगारांच्या रांगांमध्ये क्षणभर चुळबुळ झाली. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गिरणीवाले स्टेजवर गेले, पदक घेतलं, वाकून नमस्कार केला.

बाहेर फाटकापाशी त्यांनी मला गाठलं. त्यांची बायको दोन पावलं मागे थांबली होती.

"लोक कधी हसले?" त्यांनी विचारलं. "पाय उचलला तेव्हा, की त्याच्या आधी?"

"तेव्हा," मी म्हटलं. "पाय उचलला तेव्हा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "आधी पण हसले," म्हणाले, आणि बायकोला घेऊन निघून गेले.

पुढच्या वर्षी दिवाळी झाल्याबरोबर वेल्फेअर ऑफिसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. खुशीत होते. "यंदा पहिलं बक्षीस आणायचं. त्यांचं ते तोतरं बोलणं लोकांना फार आवडलं. पूर्ण रोलच तसा कर."

मी म्हटलं, तो अभिनय नव्हता साहेब.

"माहीत आहे मला. म्हणूनच म्हणतो, मेहनत नाही." मग ड्रॉवरमधून एक फाइल काढून टेबलावर ठेवली. उघडली नाही. "त्यांच्या पर्मनंट होण्याचा कागद आहे यात. नाटकात चमकले तर वरच्यांना सांगायला बरं पडतं."

ते धमकी देत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते सगळ्यांचं भलं करतायत. आणि मी लिहायला बसले ते त्यांच्या भीतीने नव्हे. त्या हशाची चव मला लागली होती. मी स्वतःला सांगितलं, त्यांची नोकरी पक्की होईल, म्हणून लिहितेय. प्रहसन असं होतं: एक तोतरा माणूस गावी ट्रंक कॉल लावतो. तीन मिनिटं मिळतात. त्याला एकच वाक्य सांगायचं असतं. तीन मिनिटं संपतात, पुन्हा कॉल, पुन्हा तेच. मी प्रत्येक अक्षर फोडलं, मध्ये आडव्या रेघा दिल्या, पुन्हा फोडलं. लिहिताना मी एकटी हसत होते. मशीनवरची ती रेघेची कळ त्या आठवड्यात मी जितकी वापरली तितकी वर्षभरात वापरली नसेल.

वडिलांनी वाचलं. लाल पेन्सिल हातात होती, पण ती कागदाला टेकली नाही. "यात एकही चूक नाही," ते म्हणाले. "हसूही येतं." मग जरा वेळाने: "हा माणूस खरा आहे का?"

"आहे."

"त्याला दाखवलंस?"

मी म्हटलं, उद्या दाखवणार आहे. त्यांनी पानं नीट जुळवून, कोपरे एकसारखे करून माझ्या हातात दिली.

कँटीनचा तोच कोपरा होता. गिरणीवाल्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यावर थांबले. फोडलेल्या एका शब्दावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते एकेक अक्षर ओलांडत पुढे नेलं, लहान मुलं मोजतात तसं.

"ह्या काय लिवलंस गो?"

"तो जरा अडखळतो," मी म्हटलं.

"ता दिसता माका." त्यांचा आवाज चढला नव्हता. "गेल्या टायमाक तू माका श्वास घेवक जागा दिलं होतंस. ह्याच्यात खय आसा जागा?"

मी फाइलचं सांगितलं. पर्मनंट होण्याचं सांगितलं. बोलता बोलता मला माझाच आवाज वेल्फेअर ऑफिसरांसारखा वाटायला लागला, आणि मी थांबले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. काहीतरी बोलायला गेले आणि अडले. मी वाट बघितली. बराच वेळ गेला. शेवटी ते बोललेच नाहीत. हात हलवून 'राहू दे' असं केलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं की मी नाटक देत नाही. साहेबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, जमलं नाही. ते म्हणाले, जेवढं झालंय तेवढं दे, दुसरा कुणी पुरं करेल. मी म्हटलं, फाडलं. तोपर्यंत फाडलं नव्हतं. जागेवर येऊन फाडलं.

"आणि त्यांचा तो कागद?" मी निघताना विचारलं होतं.

"त्याचा याच्याशी काय संबंध?" साहेब म्हणाले.

जानेवारीत गिरणीवाल्यांना ब्रेक दिला, म्हणजे काही आठवडे कामावरून कमी केलं. टेंपररी माणसांना मधूनमधून असा ब्रेक देतच, त्यात नवीन काही नव्हतं. पण नोटीस मला टाईप करावी लागली. सहा नावांत त्यांचं नाव दुसरं. पूर्णविराम हलक्या हाताने मारावा लागतो, नाहीतर प्रती काढायच्या स्टेन्सिलला भोक पडतं. त्या दिवशी माझ्या हातून दोन स्टेन्सिलं फुकट गेली. माझ्यामुळे झालं का, हे मी कुणाला विचारू शकत नव्हते. सहा आठवड्यांनी त्यांना परत घेतलं. वर्षभराने युनियनच्या रेट्याने एकदम वीसेकजण पर्मनंट झाले, त्यात तेही झाले. तो कागद नाटकासाठी अडला होता की नुसताच पडून होता, मला आजही माहीत नाही.

ब्रेकआधीच झालेल्या त्या वर्षीच्या स्पर्धेसाठी कारखान्याने बाहेरून नाटक आणलं होतं. त्यातही एक तोतरा होताच. काम ड्रॉइंग ऑफिसातल्या एका तरुणाने केलं, आणि चांगलं केलं. गिरणीवाले माझ्या पुढे दोन रांगा सोडून बसले होते. मी स्टेज बघितलंच नाही, त्यांची मान बघत होते. तो तरुण अडखळला की सगळे हसत, आणि ती मान हलत नसे. ते उठून जातील असं मला दर मिनिटाला वाटत होतं. गेले नाहीत. एका ठिकाणी तर तेही हसले. कशाला हसले ते बघायचं माझं राहून गेलं होतं.

कँटीनमधल्या त्या दिवसापासून चार महिने ते माझ्याशी बोलले नव्हते. जिन्यात भेटले तर मान हलवत, एवढंच. मग ब्रेकवरून परत आल्यावर एके दिवशी टेबलावर चिठ्ठी आली. कांजूरमार्गला त्यांच्या वाडीत पूजा होती, संध्याकाळी कार्यक्रम हवा होता. टीव्हीचं ते नाटक मालवणीत करून देशील का, दोनच माणसांत, अडेल तो शब्द मी सांगेन. मी 'हो' लिहून चिठ्ठी परत दिली. त्यांनी ती वाचली, म्हणाले, "तोंडान सांग." मी तोंडाने सांगितलं.

या वेळी आम्ही भांडलो. मला स्वल्पविराम हवा असायचा तिथे त्यांना नको असायचा. ते म्हणत, थय माका अडणा नाय आता. मी म्हणे, तुमच्यासाठी नाही, हशासाठी हवाय. त्यावर ते विचार करत आणि कधी ठेवत, कधी खोडत. पहिल्या नाटकात मी फक्त त्यांच्या श्वासाकडे बघत होते. आता ते माझ्या विनोदाकडे बघायला लागले होते, आणि ते मला सोपं जात नव्हतं.

वाडीतली बैठी घरं, मागे मिठागरांकडून येणारा वारा, चारपाच पलंगपोस बांधून केलेला पडदा. संध्याकाळी सहाला खेळ सुरू झाला. मी पडद्याआड पानं घेऊन बसले. ते दोनदा अडखळले. दुसऱ्यांदा तर बराच वेळ. माझ्या जिभेवर शब्द आला होता, तो मी दातांनी धरून ठेवला. समोर सगळी त्यांच्याच वाडीची माणसं होती. कुणी हसलं नाही, कुणी शब्द पुरवला नाही. एक म्हातारे सुपारी कातरत होते, ते कातरत राहिले. एका बाईने मुलाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. मग शब्द आला आणि खेळ पुढे गेला.

संपल्यावर त्यांच्या बायकोने मला प्रसादाचा शिरा आणून दिला. ते घाम पुसत आले, माझ्या हातातली पानं घेतली आणि उभ्याउभ्याच चाळायला लागले.

"तिसऱ्या पानार कोण हसूक नाय," ते म्हणाले.

"हो. मी पण बघितलं."

"थय माझा काय चुकाक नाय. मी बरोबर थांबलंय. तुझो जोक पडलो."

त्यांचं खरं होतं. मी त्यांच्या खिशातली पेन्सिल मागून घेतली आणि ते वाक्य सबंध खोडलं.